दोहातली एक ब्राखा


२०२२ साली कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा बेन गुरियनवरून दोहाला खास विमाने सुटली. एरवी आपल्या पासपोर्टवर तिथे जाता येत नसे. त्या महिन्यात सामन्याचे तिकीट आणि हय्या कार्ड असले की झाले. नातवाने हट्ट धरला नि आम्ही उभयता त्याच्याबरोबर गेलो.

दोहात सिनेगॉग नाही. पाहुण्यांसाठी रब्बींच्या देखरेखीखाली कोशेर जेवणाची सोय मात्र केली होती. सूक वाकिफ या जुन्या बाजारात जागोजागी ‘करक’ चहा मिळतो. अहो, हा तर आपलाच ‘कडक’! आम्ही बिनदुधाचा सुलेमानी घेतला आणि हळूच ‘शहाकोल’ म्हटली. त्या देशात नदी नाही. प्यायचे पाणी जवळजवळ सगळे समुद्राचे, खारटपणा काढून गोडे केलेले. घोटाघोटाला ते आठवत होते.

बाळांनो, रब्बी मेईर सांगून गेले की दिवसाला शंभर ब्राखा म्हणाव्यात. शंभर पुऱ्या करायच्या तर नुसत्या तफिल्यावर भागत नाही. खाणे, पिणे, अगदी संडासला जाऊन येणेसुद्धा त्यात येते. हसू नका! त्या ब्राखेला ‘अशेर यात्सार’ म्हणतात. तलमुदात ती अबायेंच्या नावाने आहे. शरीराची उघडी राहायची वाट बंद झाली किंवा बंद राहायची उघडली, तर माणूस उभा राहू शकत नाही, असा तिचा अर्थ. आम्ही चाळीस वर्षे वॉर्डात काढली. ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा लघवी झाली की तक्त्यावर आकडा लिहिताना काय वाटते, ते नर्सलाच ठाऊक. पुढे यांनाच नऊ दिवस नळी होती. तेव्हापासून हे ती ब्राखा घाईने म्हणत नाहीत.

सूक वाकिफच्या मेट्रो स्टेशनवर हे हात धुऊन बाहेर आले आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटू लागले. तिथला सफाईवाला फरशी पुसत होता. आमचे मराठी ऐकून म्हणाला, “मावशी, जपून, ओलं आहे. काका काय म्हणतायत?” तो मुरूडकडचा, मुसलमान. आम्ही क्षणभर घुटमळलो, मग खरे ते सांगितले. कुठून आलो तेही सांगितले.
“म्हणजे शनवार तेली!” त्याचा चेहरा फुलला. “आजीच्या तोंडी असायचं. आमच्यातपण दुआ आहे की, तिथून बाहेर पडल्यावर म्हणायची.” त्याने ती म्हणून दाखवली. यांनी आपली पुन्हा सावकाश म्हटली, अर्थ सांगत. नातू घड्याळ दाखवत होता, सामन्याला उशीर होत होता. यांचे आपले चालूच.

पुढे ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. ओलिसांच्या सुटकेची बोलणी दोहात झाली, १५ जानेवारी २०२५ ला युद्धबंदीची घोषणा तिथूनच झाली. ९ सप्टेंबर २०२५ ला आपल्याच विमानांनी दोहात हल्ला केला. त्या रात्री बातम्या बघताना हे एवढेच म्हणाले, “अगं, तो मुरूडचा अजून तिथंच असेल का?”