तिसऱ्यांचे दिवस, दहीकाल्याच्या रात्री

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांत भाताची कापणी उरकली, खळी सारवून झाली आणि पहाटेच्या हवेत गारवा आला, की लोकांचे लक्ष दोन दिशांना लागते. एक दिशा खाडीची, दुसरी देवळाची. पावसाने गढूळ झालेले खाडीचे पाणी निवळते, त्यात पुन्हा खारेपणा भरतो आणि बाजारात तिसऱ्यांचे वाटे दिसू लागतात. त्याच सुमारास तुळशीचे लग्न लागते, गावोगावच्या जत्रांना प्रारंभ होतो आणि दशावतारी मंडळींचे पेटारे बाहेर निघतात. उन्हाळ्यापर्यंत हे दोन्ही चालते. या चार-सहा महिन्यांवर खाडीकाठचा माणूस वर्षभर जीव लावून असतो.

तिसरी हा दोन शिंपांच्या आड राहणारा मऊ जीव आहे. वाळूत स्वतःला पुरून घ्यावे, दोन बारीक नळ्या तेवढ्या वर काढाव्यात, एकीने पाणी आत घ्यावे, दुसरीने बाहेर सोडावे आणि त्या पाण्यातून सूक्ष्म अन्नकण गाळून खावे, असा तिचा संसार. कालवे खडकाला किंवा तिवराच्या मुळांना चिकटतात, शिणाणे लाटांचा मारा सोसत खडपांवर वाढतात. पण पाणी गाळून जगण्याची रीत सर्वांची एकच. म्हणून खाडीचे पाणी जसे, तसा हा जीव. पाणी स्वच्छ असेल तर तो खाणाऱ्याला बाधत नाही; पाण्यात घाण सोडली, तर ती घाण फिरून सोडणाऱ्याच्याच ताटात येते.

तिसऱ्या काढण्याचे काम बहुधा बायका करतात आणि त्यांचे घड्याळ चंद्र असतो. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे त्यांना कोणी पाटीवर लिहून शिकविलेले नसते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते तेव्हा पाणी चढते तसेच दूरवर ओसरतेही, आणि एरवी न दिसणारी वाळूची पाठ उघडी पडते. तेव्हा त्या गुडघाभर, कंबरभर पाण्यात उतरतात. भांडे दोरीने कमरेला बांधलेले असते. ते पाण्यावर तरंगत मागोमाग येते. पायाच्या तळव्याला वाळूत टणक काही लागले, की वाकायचे आणि हाताने उकरून घ्यायचे. असे दोन-तीन तास चालते. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, पाठ आखडते. पण पाणी परत चढू लागेपर्यंत वर येण्याचा विचार कोणी करीत नाही.

अशाच एका आजीबरोबर तिची बारा वर्षांची नात प्रथमच खाडीत उतरली होती. मुलीचा हात चपळ. पाहता पाहता तिने भांड्याचा तळ भरला. पण त्यात निम्म्याहून अधिक तिसऱ्या नखाएवढ्या होत्या. आजीने त्या एकेक उचलून पाण्यात टाकल्या.

"बारक्यांक हात लावू नको," ती म्हणाली. "फुडच्या वर्साक काय खातलंस?"

मुलगी हिरमुसली. हिरमुसण्यास कारणही होते. त्यांच्या मागून दोघेजण येत होते आणि आजीने सोडलेल्या तिसऱ्या ते आनंदाने गोळा करीत होते. गिऱ्हाईक वजनावर पैसे देते. त्याच्या तराजूला लहान-मोठे कळत नाही. मग एकट्या आजीने नियम पाळून काय साधणार? हा प्रश्न त्या मुलीने विचारला, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. शिंपेवरील वर्तुळाकार रेषा या तिच्या वाढीच्या खुणा होत. ती पुरती वाढण्याआधी, एकदाही व्याली नसता उचलली, तर तिच्यामागे काही उरत नाही. त्यात खाडीतील वाळू बेसुमार उपसली गेली, तर त्या वाळूबरोबर तिच्यात राहणारा जीवही जातो. घर गेले, मग घरधनी कुठला?

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचे मोठे कायल आहे. तेथील शिंपले काढणाऱ्यांपुढेही हेच संकट उभे राहिले होते. एकट्यादुकट्याने ते टळणार नाही हे ओळखून तेथे सर्वांसाठी नियम झाले : शिंपल्यांच्या विणीच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, कोणी शिंपले काढायचे नाहीत आणि लहान शिंपले निसटतील अशीच जाळी वापरायची. २०१४ साली तेथील शिंपल्यांच्या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले; भारतात असा मान मिळविणारी ती पहिलीच मासेमारी. आजीने अष्टमुडीचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही. तिचा नियम तिच्या सासूकडून आला होता. तो सगळ्या गावाने मिळून पाळावा, एवढेच काय ते उरले होते.

बाजारात तिसऱ्यांचे छोटे छोटे ढीग मांडलेले असतात. त्यांना वाटा म्हणतात. नवखे गिऱ्हाईक मोठा वाटा पाहून भुलते. जाणते गिऱ्हाईक आधी तिसरी हातात घेते. शिंप उघडी असेल आणि बोटाने टिचकी मारल्यावरही मिटत नसेल, तर तो जीव गेलेला समजावा. मिटलेल्या शिंपांत आणखी एक फसवणूक असते : आतले मांस नाहीसे होऊन नुसता चिखल भरून राहिलेला. अशी एक जरी हंडीत पडली, तरी सारे कालवण वाळूने कचकचते. म्हणून घरी आणल्यावर तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे त्या पोटातली वाळू सोडतात. मग दोन-दोन हातात घेऊन एकमेकींवर आपटतात व ऐकतात. जिवंत, भरलेल्या तिसऱ्यांचा आवाज गारगोट्यांसारखा घट्ट येतो. मेलेलीचा बद्द, पोकळ. आजीचे डोळे अलीकडे अधू झाले असले, तरी या परीक्षेत तिचा कान कधी चुकत नाही.

पुढचे काम विळीचे. शिंपा उघडून रिकामी बाजू टाकून द्यायची, मांस चिकटलेली ठेवायची आणि ओघळणारे खारे पाणी भांड्यात धरायचे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप, मसाला आणि आंबटपणाला दोन-चार सोले. असे एकशिंपी सुके शिजू लागले, की शेजारच्या घरी काय चालले आहे हे विचारावे लागत नाही. सोबत तांदळाची भाकरी असावी. चमच्याने खाण्याचा हा पदार्थच नव्हे. शिंप उचलून ओठाला लावावी लागते, आणि जेवणाऱ्यांच्या ताटांत शिंपांचे ढीग वाजत राहतात.

जत्रेच्या दिवशी मात्र हे काही शिजत नाही. तो दिवस देवीचा. रात्री पालखी फिरते आणि मग देवळापुढच्या मांडात दशावतार उभा राहतो. या खेळाला दहीकाला असेही म्हणतात. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढीच वाद्ये. पूर्वी तर राजाचे सिंहासन म्हणून एक लाकडी बाकडे पुरे होई. नट आपले तोंड आपणच रंगवितात, गाणीही आपणच गातात. स्त्रीवेषही परंपरेने पुरुषच घेतात. यातले पुष्कळजण दिवसा शेतावर किंवा मजुरीवर राबणारे असतात. मुकुट डोईवर चढला, की त्याच माणसाची मान कशी ताठ होते, ते पाहण्याजोगे असते.

आरंभी गणपती येतो, मग सरस्वती, आणि मुले जागी राहतात ती ज्याच्यासाठी, तो संकासुर. काळा वेष, डोक्यावर उंच काळी टोपी आणि तोंडावर लोंबणारी लाल जीभ. वेद चोरून समुद्रात दडलेला आणि मत्स्यावताराने मारलेला जो शंखासुर, त्याचेच हे मालवणी रूप. पण शंखातला हा राक्षस येथे गावच्या बोलीत थट्टा करतो, पुढे बसलेल्यांची फिरकी घेतो आणि साऱ्या मांडाला हसवून सोडतो. त्यानंतर मुख्य आख्यान लागते. त्याची संहिता कोठे लिहिलेली नसते. आज कोणते आख्यान, कोणी काय व्हायचे, हे आधी ठरते. संवाद मात्र नटाने उभ्या उभ्या रचायचे. एकाने प्रश्न टाकला, तर दुसऱ्याने त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचे. म्हणून काल शेजारच्या गावी पाहिलेले आख्यान आज पुन्हा पाहिले, तरी ते तेच नसते. युद्धाच्या वेळी मृदंगी नटाच्या पायाकडे पाहून वाजवितो आणि नट मृदंगाकडे कान देऊन नाचतो. कोण कोणाला चालवितो ते सांगणे कठीण.

हल्ली ध्वनिक्षेपक आले आहेत, रंगीत दिवे आले आहेत, अद्भुत देखावे दाखविणारे 'ट्रिकसीन' दशावतारही लोक गर्दीने पाहतात. खेळ भ्रमणध्वनीवर टिपून घेऊन पुन्हा पाहता येतो. पाहावा, परंतु संकासुराने भर मांडात आपलेच नाव घेऊन केलेली थट्टा त्यातून पुन्हा अंगावर येत नाही, आणि भ्रमणध्वनीकडे पाहून नटाला पुढचे वाक्य सुचत नाही. त्याला समोर जागी माणसे लागतात. ती आजी पडदा नसलेल्या मांडात खांबाला टेकून बसली होती, डोळे मिटलेले. नातीला वाटले, ती झोपली. इतक्यात पायपेटीचा एक सूर जरा घसरला आणि आजीच्या कपाळाला आठी पडली.

त्रिपुरी पौर्णिमेची ती रात्र. या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या सुमारास भरती मध्यरात्रीच्या आगेमागे येते. राक्षस गर्जत होता तेव्हा खाडी काठोकाठ भरली होती. पहाटे आख्यान संपले, दहीहंडी फुटली, काल्याचा प्रसाद हातावर पडला. मांड रिकामा होऊ लागला. नट तोंडावरचा रंग पुसत पेटाऱ्यापाशी बसले. तोवर पाणी पार ओसरले होते.

आजीने पदर खोचला. कोपऱ्यात ठेवलेले भांडे आणि दोरी उचलली. पेंगुळलेली नात उठून तिच्यामागे निघाली. खाडीवर आणखी सात-आठ बायका आधीच उतरल्या होत्या आणि रात्रीचे एक पद त्यांतली कोणीतरी अर्धेमुर्धे गुणगुणत होती. मुलगी पाण्यात शिरली, पायाने चाचपू लागली. पहिलीच तिसरी हाताला लागली ती लहान होती. तिने ती उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा वाळूत खोचून टाकली.