पिंजऱ्यावरची चादर

थोरली मावशी देवाघरी गेली आणि तिचा मिठू आमच्या घरी आला. नाव मिठू असले तरी तो आपल्याकडील हिरवा राघू नव्हे. देशी पोपट पिंजऱ्यात कोंडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मावशीला पक्के ठाऊक होते. मिठू हा कॉकाटील, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. अंगाने करडा, डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर नारिंगी टिकल्या. त्याला सोबत व्हावी म्हणून आम्ही पिंजरा दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी ठेवला.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास पंखांच्या फडफडाटाने आम्ही जागे झालो. रस्त्यावरील एखाद्या मोटारीचा उजेड भिंतीवरून सरकला असावा. मिठू गजांवर आपटत होता. दिवा लावून पाहतो तो तळाशी पिसे विखुरलेली आणि एका पंखाला रक्त. सकाळी पशुवैद्यांनी जखम पाहिली आणि औषध लिहिण्याआधी विचारले, “तुमच्या घरी दिवे किती वाजता मालवतात?” साडेअकरा, कधी बारा, असे आम्ही ओशाळून सांगितले.

मग त्यांनी समजावले. या पाखराला दहा ते बारा तासांची शांत रात्र लागते. ते थव्यात राहणारे आणि शिकाऱ्याला भिणारे. त्याची झोप सावध असते. अचानक आवाज झाला किंवा सावली हलली की ते उडू पाहते, आणि काळोखात त्याला आपली दांडी सापडत नाही. कॉकाटील या भीतीला विशेष बळी पडतात. म्हणून पिंजऱ्याला तीन बाजूंनी चादर घालावी, एक बाजू हवेसाठी उघडी ठेवावी आणि खोलीत अगदी मंद दिवा असू द्यावा.

हे ऐकताना आम्हाला मावशीची खोली आठवली. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभे राहिलेले, हे तिचे धर्मग्राम. संध्याकाळी रोझरी झाली की ती जुनी सुती चादर पिंजऱ्यावर टाकी, पवित्र मरियेच्या तसबिरीखालचा छोटा दिवा तेवढा ठेवी आणि स्वतःही हळू आवाजात बोले. आम्ही तिला हसत असू. म्हातारपणाचा चाळा, एवढेच आम्हाला वाटे.

आम्ही पिंजरा आतल्या खोलीत नेला. तेथे स्वयंपाकघराचा धूर येत नाही. आठ वाजता चादर, सकाळी साडेसहाला उजेड. त्यासाठी टीव्ही आठाला बंद होऊ लागला. पहिले काही दिवस घरात कुरकुर झाली. रिकाम्या वेळेत काय करावे म्हणून कित्येक वर्षांनी आम्ही सारे एकत्र रोझरीला बसलो. भक्तीने नव्हे, पाखरासाठी बसलो, हे कबूल केले पाहिजे. गणेशोत्सवात ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि आळीपाळीने पिंजऱ्याजवळ बसून त्याच्याशी बोलत राहिलो. नाताळच्या रात्री मिस्सेला जाताना मंद दिवा आठवणीने लावून गेलो.

अशाच एका रात्री पिंजऱ्याशी बसलो असता एक गोष्ट मनाला टोचली. शेवटच्या वर्षी मावशी फोनवर दोनतीनदा म्हणाली होती, “रात्री झोप लागत नाही रे. मध्येच दचकून जाग येते.” आम्ही तिला डॉक्टरांकडे जा म्हणालो. एका गोळीचे नावही सुचवले. ती कशाने दचकते, हे विचारले नाही. एखादी रात्र तिच्याकडे जाऊन राहिलो नाही. तिच्या पाखरासाठी मात्र आम्ही अख्ख्या घराचे घड्याळ बदलले.

फादरांपाशी हे बोललो. त्यांनी आमची समजूत घातली नाही. आमच्या धर्मग्रामात एकटे राहणारे वृद्ध कोण कोण आहेत, एवढेच विचारले. आता दर गुरुवारी आमच्यापैकी कोणीतरी अशा एका घरी सांजप्रार्थनेला जाते आणि दिवे मालवेपर्यंत थांबते.

परत येतो तेव्हा मिठू झोपलेला असतो. एक पाय पोटाशी घेतलेला, मान वळवून पाठीच्या पिसांत खुपसलेली. कधी तो अजून जागा असला तर चोच चोचीवर घासल्याची बारीक किरकिर ऐकू येते. निर्धास्त पाखरू झोपण्यापूर्वी तसा आवाज करते, असे पशुवैद्यांनी सांगितले होते. तो ऐकला की आम्ही दार अलगद ओढून घेतो.