आजीची उशी

आमच्या घराच्या माळ्यावर एका जुन्या पेटीत सावरीच्या कापसाची एक लहानशी उशी अजून ठेवलेली आहे. तिचा अभ्रा आजीच्या जुन्या लुगड्याचा. ती उशी कोणी वापरीत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. एके काळी मी ती रोज सकाळ-संध्याकाळ मोठ्या प्रेमाने धाकट्या काकांच्या पायाखाली सारीत असे. त्या प्रेमाने काकांचे केवढे नुकसान होत होते, हे मला तीन महिन्यांनी कळले.

आमचे गाव मावळात, इंद्रायणीच्या खोऱ्यात. शेती भाताची. १९८७ साली मी अकरा वर्षांचा होतो. त्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर काका बांधासाठी दगड आणीत असता उतारावर बैलगाडी कलंडली आणि दगडांसकट त्यांच्या उजव्या पायावर आली. घोट्याच्या हाडांचा चुरा झाला, जखमेत माती भरली. त्यांना शहरातील एका मोठ्या रुग्णालयात नेले, पण चौथ्या दिवशी पाऊल काळे पडू लागले. काकांचा जीव वाचविण्यासाठी पाय कापण्यावाचून दुसरा उपाय उरला नाही. डॉक्टरांनी ते काम फार कौशल्याने केले. गुडघा वाचवून, त्याच्याखाली वीतभर भाग राखून त्यांनी पाय कापला. ज्याचा गुडघा वाचतो त्याला कृत्रिम पायाने चालणे पुष्कळ सोपे जाते, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते.

टाके निघाले, जखम भरली आणि आमच्या हाती एक कागद आला. त्यावर गोळ्यांची नावे होती आणि जखम कोरडी ठेवावी असे लिहिले होते. घरी पाय कसा ठेवावा, याविषयी मात्र त्यात अवाक्षरही नव्हते. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना वाटले असावे की ते परिचारिका सांगतील. परिचारिकांना वाटले असावे की व्यायाम शिकविणारे सांगतील. आणि व्यायाम शिकविणाऱ्यांपर्यंत काका कधी पोचलेच नाहीत. प्रत्येकाने आपापले काम चोख केले होते, यात शंका नाही.

घरी आल्यावर काका ओटीवरच्या बाजेवर पडून राहू लागले. रात्री ते कण्हत आणि म्हणत, “बोटं दुखताहेत रे.” जी बोटे उरलीच नव्हती ती कशी दुखतील, असे मला वाटे. पाय गेल्यानंतरही माणसाला तो असल्याचा भास होतो आणि त्यात खरोखरीच्या वेदना होतात, हे पुढे समजले. आजीला त्यांचे कण्हणे ऐकवेना. तिने आपल्या हाताने ती उशी शिवली आणि गुडघ्याखाली ठेवली. पाय किंचित वाकलेला राहिला की काकांना बरे वाटे. ती उशी सरकली की पुन्हा नीट करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मी ते कधी चुकविले नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये पुण्याला जयपूर पायाचे शिबिर भरणार असल्याचे कळले.

या पायाची हकिकत सांगण्यासारखी आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे हाडांचे शल्यवैद्य होते, आणि त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवीत. त्यांना सारे ‘मास्टरजी’ म्हणत. एक परदेशी जाऊन मोठी पदवी घेऊन आलेले. दुसऱ्यांचे शालेय शिक्षण अगदी बेताचे, पण हातात मोठी कला. त्या काळी मिळणारा परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय घोट्यात वळत नसे आणि त्यावर बूट चढवावाच लागे. आपल्याकडे माणूस दारात वहाणा काढून घरात येतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, अनवाणी शेतात उतरतो. तेव्हा असा पाय घेऊन गेलेली माणसे काही दिवसांनी तो कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्या धरीत. पाय कोठे व किती वळला पाहिजे हे डॉक्टर जाणत होते, आणि रबर व लाकूड यांतून तो कसा घडवावा हे मास्टरजी जाणत होते. दोघांनी मिळून पुष्कळ प्रयोग केले, आणि १९६८ च्या सुमारास स्पंजासारखे रबर, लाकूड व वरून कातडीसारखे चिवट रबर यांचे पाऊल सिद्ध झाले. त्याला बोटेही होती! १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कार एकाला द्यावा अशी रीत असते. मला मात्र तो पाय आठवला की ही दोन्ही नावे बरोबरच आठवतात.

शिबिराच्या मांडवात एका लांब टेबलाशी चौघेजण बसले होते : एक वृद्ध डॉक्टर, व्यायामोपचार जाणणाऱ्या एक बाई, खाकी अर्धी विजार घातलेले एक कारागीर आणि वही घेतलेल्या एक समाजसेविका. काकांना त्यांनी टेबलाच्या पलीकडे उभे न करता आपल्यातच एक खुर्ची दिली. त्याचे मला तेव्हा फार नवल वाटले.

डॉक्टरांनी जखमेची खूण तपासली. “काम उत्तम झाले आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी काकांना गुडघा सरळ करायला सांगितले. काकांनी जोर केला, कपाळावर घाम आला, पण गुडघा पुरता सरळ होईना. बाईंनी माप घेतले. वीस अंशांचा बाक राहत होता.

“आखडलेली शीर सोडवावी लागेल की काय?” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

“मला दोन महिने द्या, डॉक्टरसाहेब,” बाई म्हणाल्या. “फार जुने दुखणे नाही हे.”

डॉक्टरांनी कारागिरांकडे पाहिले. “तुमचे काय म्हणणे?”

“वाकड्या गुडघ्यावर पाय बसवून देईन मी,” कारागीर म्हणाले, “पण पंधरा दिवसांत हे तो आढ्याला टांगतील. आधी गुडघा सरळ होऊ द्या.”

इतका वेळ गप्प असलेल्या समाजसेविका आजीकडे वळल्या. “आजी, घरी हे दिवसभर पाय कसा ठेवतात?”

आजी अभिमानाने म्हणाली, “दुखू नये म्हणून उशी देतो की आम्ही गुडघ्याखाली. रात्रंदिवस. हा पोर एक वेळ चुकत नाही.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी रागावले नाही. बाईंनी हलकेच समजावून सांगितले, की सांधा वाकलेल्या स्थितीत राहिला म्हणजे त्याच्या मागील स्नायू आखूड होतात आणि मग तो उलगडत नाही. उशी आजच काढायची. मी मांडवाच्या खांबाकडे पाहत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते कोणाला दिसू नये असे वाटत होते. बाईंना ते दिसले असावे. त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, “तुझ्या कंपासपेटीत कोनमापक आहे ना? दर रविवारी काकांच्या गुडघ्याचा कोन मोजायचा आणि लिहून ठेवायचा. हे काम तुझे.”

मग डॉक्टरांनी काकांना विचारले, “शस्त्रक्रिया करू, की बाईंचे ऐकून पाहू? पाय तुमचा आहे.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. अखेर म्हणाले, “आवणी आषाढात असते. तोवर चिखलात उभा राहीन का?”

त्या प्रश्नावर चौघांत जी चर्चा झाली ती मला सगळी उमगली नाही. पण तारखा मोजल्या गेल्या, कारागिरांनी मे महिना सांगितला, डॉक्टरांनी मान डोलावली, आणि समाजसेविकांनी ते वहीत टिपून घेतले.

एस. टी.तून परत येताना आजी एक शब्दही बोलली नाही. घरी येताच तिने उशी उचलली आणि पेटीत घातली. काका म्हणाले, “उशीनं झोप तर दिली ना, आये?” तेव्हा ती पदर डोळ्यांना लावून रडली.

पुढले दिवस कठीण होते. काका दिवसातून तीनदा पालथे झोपत आणि गुडघा खाली दाबून धरीत. सुरुवातीला त्यांचे ओठ दातांखाली जात. बाजेच्या सैल सुंभात गुडघा खोल जाई, म्हणून पंधरा दिवसांनी घरी आलेल्या समाजसेविकांनी बाज काढून जमिनीवर घोंगडी अंथरायला लावली. मी दर रविवारी कोनमापक लावी आणि भिंतीवरील कॅलेंडरवर आकडा लिही. वीस, अठरा, अठरा, पंधरा. एका रविवारी आकडा पुन्हा वाढला. त्या आठवड्यात काकांनी कंटाळून व्यायाम सोडला होता. मी खरा आकडा लिहिला, आणि काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एप्रिलच्या अखेरीस आकडा तीनवर आला.

मे महिन्यात त्यांच्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतला गेला. त्या साच्यावरून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून कारागिरांनी नडगी घडविली. पहिल्या दिवशी चालताना काकांना एका ठिकाणी टोचू लागले. डॉक्टरांनी बोट ठेवून हाडाचे टोक दाखविले, कारागिरांनी तेथे खडूची खूण केली आणि लाकडी हातोडीने पत्रा आतून जरा बाहेर काढला. पुन्हा चालून पाहिले. पुन्हा खूण, पुन्हा हातोडी. असे पाच वेळा झाले. बाई शेजारी उभ्या राहून काकांचा खांदा कोणीकडे झुकतो तेवढे पाहत होत्या. “उंची केसभर जास्त आहे,” त्या म्हणाल्या, आणि कारागिरांनी मुकाट्याने पाय काढून घेतला.

जुलैत पाऊस चांगला लागला. आवणीच्या दिवशी काका काठी टेकीत बांधापर्यंत आले. आई नको नको म्हणत होती. त्यांनी काठी माझ्या हाती दिली, धोतर खोचले आणि खाचरात पाऊल टाकले. तासाभराहून अधिक वेळ त्यांना उभे राहवले नाही, पण तेवढ्यात रोपांच्या चार ओळी लागल्या. ते बाहेर आल्यावर मी वाकून बांधावरच्या ओल्या मातीत उमटलेली पावले पाहू लागलो. दोन्ही पावलांना पाच-पाच बोटे होती. उजवे कोणते हे ओळखायला मला थोडा वेळ लागला.