खांदेरीचे गढूळ पाणी

गेल्या दिवाळीत आम्ही पाच प्राध्यापकांनी मालवणला पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्रात बुड्या मारल्या, आणि तेव्हापासून आमची मान जरा ताठच झाली. यंदा थळहून होडीने खांदेरीला निघालो तेही त्याच ऐटीत. शिवरायांनी १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तटबंदीला घातलेले हे बेट. नौदलात २०१९ साली दाखल झालेल्या पाणबुडीलाही याचेच नाव. मग इथे बुडी मारायला आम्हीच का कचरावे?

तांडेलमामा हसले. “मास्तर, हा खाड्यांचा गाळ. सोताचा हात दिसायचा नाय. आन् तळाशी बघायचं काय?” त्यांनी उत्तरेकडे बोट केले. तिकडे काशाचा खडक. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट तिथेच उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली.

“माझ्या बापाची आई व्हती त्यात. गावली नाय.”

आमची ऐट कुठल्या कुठे गेली. बेटावर मामांनी वेताळाला नारळ वाढवला. आम्हीही मुकाट्याने हात जोडले. परतताना मी होडीतून वाकून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बोटे खरोखरच दिसत नव्हती.