नळाचा फंडा

न्यू जर्सीतला माझा दादा घरी बीअर बनवतो. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने ही सूट दिलीय. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय हे करू देत नाही. त्यामुळे मोहन्यात आमची फक्त कन्सल्टन्सी!

केगसाठी नळ घ्यायचा म्हणून त्याने दोन फोटो पाठवले. एक स्वस्त, एक महाग. मी ते बाबांना दाखवले. बाबा एनआरसीत फिटर होते. दादाच्या बीअरबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही, पण व्हॉल्व्हचा विषय निघाला की बाबांना राहवत नाही.

'बंद कुठून होतो ते बघ,' ते म्हणाले. स्वस्त नळाचं सील मागे. ग्लास भरला की तोटीत उरलेली बीअर वाळते, चिकट होते, हँडल जाम. जंतू वाढतात ते वेगळंच. दुसऱ्याचं सील पुढे, तोंडाशी. आत हवाच शिरत नाही. शिवाय स्टेनलेस स्टील बरं. क्रोमचा मुलामा उडाला की खालचं पितळ उघडं पडतं.

दादाने तोच घेतला. आठवड्याने बाबा हळूच म्हणाले, 'गळत नाही ना रे त्याचा नळ?'

मी फोन लावून सरळ त्यांच्याच हातात दिला.