पर्मनंट तेल

पिंपरी-चिंचवडच्या मराठीत सर्वांत वजनदार शब्द कोणता, असे मला कुणी विचारले, तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : पर्मनंट. नदीपलीकडच्या पुण्यात मुलीचे वडील मुलाचे शिक्षण विचारीत असतील, आमच्याकडे आधी विचारतात, "पर्मनंट आहे ना?" या एका शब्दावर येथे लग्ने ठरतात, घरांची कर्जे मंजूर होतात आणि सत्यनारायण घातले जातात. ट्रेनी, टेंपररी, कॉन्ट्रॅक्ट अशा पायऱ्या चढून जो या पदाला पोहोचतो, त्याच्या चालण्यातसुद्धा फरक पडतो. मी स्वतः महाविद्यालयात मराठी शिकवते, पण तासिका तत्त्वावर. जितके तास तितके मानधन, आणि दरसाल नव्या नेमणुकीची वाट पाहणे. त्यामुळे या शब्दाकडे मी जरा दुरूनच पाहते. देवळाबाहेर उभे राहून कळस पाहावा तशी.

म्हणूनच माझ्या जुन्या मोटारीच्या पोटातले तेल पर्मनंट आहे असे जेव्हा मला सांगण्यात आले, तेव्हा प्रथम मला त्या तेलाचा हेवाच वाटला.

मोटार घेण्याचे कारण माझा डावा गुडघा. चिंचवडहून चाकणपलीकडच्या महाविद्यालयात जायचे म्हणजे अंतर फार नाही. स्पाइन रोडने मोशीला नाशिक रस्ता गाठायचा, पुढे कुरुळी, आणि मग चाकणचा तळेगाव चौक. पण या चौकात कंपन्यांच्या बसगाड्या, सुट्या भागांनी लादलेले कंटेनर आणि बाजाराला निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर एकाच वेळी एकमेकांना भेटतात. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणच्या संग्रामदुर्गापुढे शाइस्तेखानाला दोन महिन्यांच्या आसपास थोपवून धरले होते. गावाने ती परंपरा सोडलेली नाही, असे रोज सकाळी माझ्या मनात येते. अशा गर्दीत दर दहा हातांवर क्लच दाबून दाबून गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "क्लच सोडा." तेव्हा क्लचचे पायपट्टे नसलेली, आपले गिअर आपणच बदलणारी एक वापरलेली गाडी आम्ही घेतली. ती आली तेव्हाच बासष्ट हजार किलोमीटर चाललेली होती.

पहिल्याच खेपेला मी सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले, "गिअरबॉक्सचे तेल कधी बदलायचे?" तिथल्या तरुणाने प्रश्न माझ्याकडून घेतला आणि उत्तर माझ्या यजमानांना दिले. "सर, ते लाइफटाइम असतं. त्याला हातसुद्धा लावायचा नाही." माझ्या यजमानांना मोटार चालवता येत नाही. तीस वर्षे ते कंपनीच्या बसने जातात आणि बसमध्ये झोपतात. त्यांनी अत्यंत समंजसपणे मान डोलावली.

मी मात्र घरी येईपर्यंत त्या शब्दाशी झटत राहिले. धंद्याने मराठीची शिक्षिका असल्यामुळे माझा नाइलाज आहे. लाइफटाइम म्हणजे आजन्म. 'आजन्म' हे अव्ययीभाव समासाचे उदाहरण आपण सर्वांनी शाळेत घोकलेले असते, आणि त्याच्या शेजारीच 'आमरण' असते. एक जन्मापासून मोजतो, दुसरा मरणापर्यंत. पण जन्म कुणाचा आणि मरण कुणाचे, हे समास सांगत नाही. तेलाचे आयुष्य? गाडीचे? हमीच्या कागदाचे? की माझे? आणि गिअरबॉक्सचे म्हणावे, तर मग हे वचन कधी खोटे ठरूच शकत नाही. गिअरबॉक्स ज्या दिवशी मरेल त्या दिवसापर्यंत तेल टिकलेच म्हणायचे!

या शंकेचे निरसन व्याकरणात नव्हते; ते आमच्या शेजारच्या काकांकडे होते. काकांनी सारी हयात पिंपरीच्या एका कारखान्यातील गिअर शॉपमध्ये काढली. त्यांचा नातू माझ्या हाताखाली शिकला, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. त्यांनी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. थोड्या वेळाने दुसऱ्याची पातीही आळसावत फिरू लागली. "आता हवेच्या जागी तेल धरा बाई. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला ढकलतं. तुमचा क्लच म्हणजे हे तेल." यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. पण तेलाची सुटका एवढ्यावर होत नाही. तेच तेल दाबाने आतल्या चकत्या आवळते आणि सोडते, म्हणजे गिअर बदलते. तेच दातेरी चाकांना वंगण देते, आणि तेच आतली उष्णता बाहेर वाहून नेते. शिवाय त्याने एकाच वेळी निसरडेही असावे आणि चकत्यांना पकडही द्यावी, अशी अपेक्षा असते. घरात एकाच सुनेने सगळे करावे आणि पुन्हा तिने म्हातारे होऊ नये, असे म्हणण्यासारखेच हे आहे.

या तेलाची कुळकथाही मौजेची आहे. अमेरिकेत 'हायड्रामॅटिक' नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या मोटारींबरोबर विक्रीला आला, आणि १९४९ मध्ये जनरल मोटर्सने अशा गिअरबॉक्ससाठी तेलाचे पहिले प्रमाण ठरवून दिले. इंजिनच्या तेलाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याला लाल रंग देण्याची पद्धत पडली, आणि ती पुष्कळ तेलांत आजही आहे. त्या काळच्या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळीत. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाची गणना संकटात सापडलेल्या प्राण्यांत केली, आणि रसायनतज्ज्ञांना त्याच्या जागी दुसरे द्रव्य शोधणे भाग पडले. म्हणजे मोटार आपण होऊन गिअर बदलीत होती, तेव्हा तिच्यामागे समुद्रात एक प्राणी आपला जीव देत होता.

तेलाला म्हातारे करते ती उष्णता. रसायनशास्त्राचा ढोबळ ठोकताळा असा की, तापमान दहा अंशांनी वाढले की तेल कुजण्याचा वेग दुप्पट होतो, म्हणजे आयुष्य निम्मे होते. मोकळ्या रस्त्यावर गिअरबॉक्सला वारा लागतो, आणि दोन पंख्यांमधली घसरण पुढे एका कुलपाने बंद होते. चौकात मात्र गाडी उभी, इंजिन चालू, एक पंखा फिरतो आहे आणि दुसरा ब्रेकने रोखून धरलेला. सारी शक्ती तेल घुसळण्यात जाते. आणि गंमत अशी की या वेळी किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही! तासांवर मानधन घेणाऱ्या मला हे चटकन कळले. तेल बिचारे राबते तासांवर, आणि त्याची मोजदाद होते किलोमीटरांवर.

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिका उघडून पाहा. पुष्कळ पुस्तिकांत मागच्या बाजूस बारीक अक्षरांत 'कठीण वापर' नावाचे एक कलम असते. थांबत-थांबत चालणारी वाहतूक, कडक ऊन, धूळ, घाटरस्ते, जड ओझे, यांपैकी काही असेल तर तेल लवकर बदला, असे ते सांगते. मी ती यादी वाचली आणि हसू आवरेना. ते भोसरी ते चाकण या रस्त्याचे यथातथ्य वर्णन होते.

मग आजन्म हा शब्द आला कोठून? तो अगदीच खोटा नव्हे. नवी कृत्रिम तेले जुन्यांपेक्षा पुष्कळ काळ टिकतात, आणि बंद पेटीत इंजिनसारखी काजळीही होत नाही. पण गाडी विकताना देखभालीचा खर्च जितका कमी दिसेल तितके विकणाऱ्याला बरे, हेही खरे. ज्यांनी गिअरबॉक्स घडवले, त्यांचे म्हणणे वेगळे आहे. जर्मनीतील झेडएफ ही कंपनी अनेक नामांकित मोटारींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. तिच्या नावातला मूळ जर्मन शब्द म्हणजे सरळ 'दातेरी चाकांचा कारखाना'. हिच्या गिअरबॉक्सच्या मोटारी विकताना काही कंपन्यांनी तेल आजन्म म्हणून सांगितले. झेडएफने मात्र ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटर, किंवा आठ वर्षे, यांच्या आत ते बदला असा सल्ला दिला. मर्सिडीझचेही तसेच झाले. १९९६ साली आलेल्या त्यांच्या पाच गतींच्या गिअरबॉक्समधले तेल आधी आजन्म होते. पुढे साठ हजार किलोमीटरच्या सुमारास ते बदलावे, अशी सूचना कंपनीनेच काढली. त्या मर्सिडीझचा भारतातला कारखाना २००९ पासून आमच्या चाकणलाच आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या एका जातीच्या नव्हेत. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी म्हणजे मुळात साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबणारा पाय तेवढा यंत्राचा. तिला साधे गिअरचे तेल लागते. सीव्हीटीला तिचे स्वतःचेच तेल हवे. दुसरे घातले तर आतला पट्टा घसरतो. दुहेरी क्लचच्या पेट्यांत ओल्या आणि कोरड्या अशा दोन जाती. ओल्या क्लचच्या अनेक पेट्यांना साठ हजारांवर नवे तेल द्यावे लागते. २०२१ मध्ये चाकणलाच बनू लागलेल्या कुशाक आणि टायगुन या गाड्यांत लहान इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर होता आणि मोठ्याला दुहेरी क्लच. एकाच छपराखाली दोन कुळाचार! तेव्हा आपल्या गाडीचे कूळ आधी ओळखावे, आणि डब्यावरचे प्रमाण पुस्तिकेशी अक्षरशः जुळवून पाहावे. माझ्यासारख्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला, आमच्या रस्त्यांवर, साठ हजार किलोमीटर किंवा चार-पाच वर्षे, जे आधी येईल ते, हा काकांचा हिशेब मला पटला.

यजमानांची एक शंका उरली होती. जुन्या पेटीत नवे तेल घातले की पेटी बसते, असे त्यांनी बसमध्ये ऐकले होते. काका म्हणाले, "पेटी आधीच घसरत असते. लोक तेव्हा तेल बदलतात, आणि दोष नव्या तेलाला देतात. दुखणं नसताना बदला." एवढे मात्र खरे की फार वर्षे न बदललेल्या पेटीत यंत्राच्या दाबाने एकदम सारे तेल धुऊन काढू नये, खाली सोडावे, भरावे, आणि पुन्हा काही दिवसांनी तेच करावे.

भोसरीच्या एका गॅरेजात आम्ही तसेच केले. बोल्ट सुटल्यावर जे आले ते लाल नव्हते. घोटून आटवलेल्या काढ्यासारखे होते, आणि वास जळकट. पहिल्या खेपेला निम्मेच निघते, कारण उरलेले कन्व्हर्टरमध्ये अडून बसते. म्हणून महिन्याभराने दुसरी खेप. गाळणीही बदलली. पातळी पाहायला काठी नव्हती. तेल ठरावीक तापमानाला आणून मिस्त्रीने ती बेतली. दोन्ही खेपा मिळून माझे पंधरवड्याचे मानधन गेले. पेटी बसली असती तर वर्षाचे गेले असते. चमत्कार काही झाला नाही. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना लागणारी बारीकशी उचकी थांबली, एवढेच.

परतताना मी काकांना म्हटले, "म्हणजे पर्मनंट तेल नसतेच तर!" काका म्हणाले, "असतं की. पण बाई, आम्ही पर्मनंट झालो तरी कंपनी दरसाल मेडिकल करायचीच."

मिस्त्रीने दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर पुढच्या तेलाचे किलोमीटर आहेत, आणि त्याखाली महिना नि साल. अक्षर वळणदार नाही, पण सुवाच्य आहे. गाडीत बसताना मी ती रोज वाचते. पुढची तारीख इतक्या स्वच्छपणे लिहून मिळालेला माझ्याजवळचा तो एकच कागद आहे.