क्वार्टरबॅकच्या पगाराची ओरड होते, तेव्हा मालकाचा हिशेब कुठे जातो?

सप्टेंबर २०२४ मध्ये डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाने आपला क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याच्याशी चार वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलर, आपल्या हिशेबात सुमारे पाचशे कोटी रुपये. बातमी आली आणि नेहमीची ओरड सुरू झाली. एका माणसाला एवढे? मग बाकीच्यांना काय उरणार? या क्वार्टरबॅक लोकांच्या हावेने खेळ बुडणार!

मित्रांनो, या ओरडीबद्दलच मला बोलायचे आहे. प्रश्न खोटा नाही, पण अर्धा आहे. आणि वाटणीबद्दलचा अर्धा प्रश्न नेहमी वाटणाऱ्याच्याच सोयीचा असतो.

कामानिमित्त दोन हिवाळे न्यू जर्सीत काढावे लागले, तेव्हापासून मी हा खेळ बघतो. चळवळीतले सोबती मला विचारतात, "तुला त्या अमेरिकन कोट्यधीशांचे काय पडले आहे?" खरे सांगायचे तर मैदानावरच्या खेळाइतकेच मला त्यांच्या पगाराचे भांडण बघायला आवडते. कारण श्रम करणारा आणि मालक यांच्यातला व्यवहार इतक्या उघडपणे, आकड्यांसह, फार कमी ठिकाणी दिसतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा खेळाडू. संघात ५३ जण असतात, पण हा एक चांगला नसेल तर संघाचे काही खरे नसते. एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा ठरलेली असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. आयपीएलची पर्स आठवा. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटींची पर्स होती. लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी लावले, म्हणजे बाकी सगळा संघ ९३ कोटींत बसवणे आले. एनएफएलची कॅप १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा ३.४६ कोटी डॉलर होती. २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी आणि २०२५ मध्ये २७.९२ कोटी डॉलर झाली.

आता प्रेस्कॉटचे ६ कोटी २०२४ च्या कॅपशेजारी ठेवा. जवळजवळ चौथा हिस्सा झाला. प्रत्यक्षात एवढी रक्कम एकाच वर्षाच्या खात्यात पडत नाही. करार करतानाचा बोनस पाच वर्षांपर्यंत विभागून दाखवता येतो आणि संघांचे हिशेबनीस त्यात तरबेज असतात. तरीही दिशा स्पष्ट आहे. १९९४ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोला विजेतेपद मिळवून देणाऱ्या स्टीव्ह यंगचा वाटा कॅपच्या सुमारे १३ टक्के होता. त्यानंतर कितीतरी वर्षे त्याहून मोठा वाटा घेणाऱ्या क्वार्टरबॅकचा संघ सुपर बोल जिंकू शकला नाही. २०२२ च्या हंगामात पॅट्रिक महोम्सने १७ टक्क्यांच्या वाट्यासह तो जिंकला.

तेव्हा "बाकीच्यांना काय उरणार" या प्रश्नात तथ्य आहे. क्वार्टरबॅकला जास्त गेले की लाइनमन आणि रनिंग बॅक यांच्यासाठी कमी उरते. २०२५ मध्ये नव्या खेळाडूचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. रक्कम मोठी वाटते. पण खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने या खेळातली सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची असते. त्यानंतर उरतात ते गुडघे, पाठ आणि डोक्याला बसलेले मार.

पण हे भांडे एवढेच का, हे कोणी विचारत नाही. कॅपचा आकडा आकाशातून पडत नाही. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या करारातून तो निघतो. २०२० च्या करारानुसार लीगच्या उत्पन्नातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा. उरलेले ५२ टक्क्यांपर्यंत मालकांकडे, त्यातून त्यांचा इतर खर्च आणि नफा. २०२१ मध्ये लीगने अकरा वर्षांचे प्रसारण करार केले, त्यांची एकूण किंमत १० हजार कोटी डॉलरच्या वर जाते. ही रक्कम ३२ मालक आणि सुमारे दोन हजार खेळाडू यांच्यात अर्धी-अर्धीसुद्धा होत नाही.

आता एक हिशेब मांडतो, तो लक्षात ठेवा. वॉशिंग्टनचा संघ १९९९ मध्ये ८० कोटी डॉलरला विकला गेला. २०२३ मध्ये तोच संघ ६०५ कोटी डॉलरला विकला गेला. साडेसात पट! याच २४ वर्षांत कॅप ५.७३ कोटींवरून २२.४८ कोटींवर आली, म्हणजे चार पटसुद्धा नाही. त्या काळात तो संघ फारसे काही जिंकलाही नव्हता. मालकाला जिंकावे लागत नाही, नुसते मालक असावे लागते. संघाच्या किमतीतली ही वाढ खेळाडूंच्या ४८ टक्क्यांत धरली जात नाही. तिला कॅप नाही आणि तिच्या बातमीवर "हाव" हा शब्द मी वाचलेला नाही.

पुण्यात मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही अकरा जणांची टीम होती. दर एप्रिलला पगारवाढीचे "बजेट" यायचे. मॅनेजर एकेकाला आत बोलावून सांगायचा, "तुला जास्त दिले तर त्याचे कापावे लागेल, तूच सांग." बाहेर आलेला माणूस पुढे त्या दुसऱ्या माणसाकडे सरळ बघत नसे. कॅन्टीनमध्ये चर्चा एकच, की अमक्याला किती मिळाले आणि त्याची तेवढी लायकी आहे का. मी एकदा विचारले, हे बजेट कोण ठरवते, आणि कंपनीचा नफा वाढला तरी ते तेवढेच का राहते? उत्तर मिळाले, "ते वरून येते." अकरा माणसे एकमेकांच्या ताटात डोकावत राहिली आणि पातेले वरच्या मजल्यावर राहिले. सॅलरी कॅप मला कुठल्या पुस्तकातून समजली नाही, त्या कॅन्टीनमध्ये समजली.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन करताना श्रेणीबद्ध विषमता हा शब्द वापरला. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खाली कोणीतरी दिसत असते, म्हणून सगळे मिळून वरच्याविरुद्ध उभे राहत नाहीत. फुटबॉलचा संघ म्हणजे जात नव्हे. तिथे कोणी जन्माने क्वार्टरबॅक नसतो, आणि पाचशे कोटी घेणाऱ्याला शोषित म्हणणे ही आपल्या वेदनेची थट्टा होईल. पण माणसांना पायऱ्यांवर उभे करून आपसात झुंजवायची युक्ती ओळखायला आपण शिकलो आहोत, तर ती दुसरीकडे दिसल्यावर डोळे मिटून का घ्यायचे?

मालकांना ही युक्ती चांगली अवगत आहे. १९८७ मध्ये खेळाडूंनी संप केला. करार संपल्यावर आपल्या मर्जीने दुसऱ्या संघात जाता यावे, ही मुख्य मागणी होती. मालकांनी बदली खेळाडू आणून सामने खेळवले. हळूहळू मोठी नावे संप मोडून परत गेली. सॅन फ्रान्सिस्कोचा प्रसिद्ध क्वार्टरबॅक जो मोंटाना त्यांच्यात होता. २४ दिवसांत संप मिटला, हाती काही आले नाही. जे संपाने मिळाले नाही ते पुढे कोर्टात लढून मिळाले. १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील आणि सहकाऱ्यांच्या खटल्यात ज्युरीने लीगविरुद्ध निकाल दिला. १९९३ मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूंना संघ बदलण्याचा हक्क मिळाला. त्या हक्काच्या बदल्यात मालकांनी जे पदरात पाडून घेतले, ते म्हणजे ही सॅलरी कॅप. क्वार्टरबॅक नेहमीच मालकांच्या बाजूने गेले असेही नाही. २०११ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा लीगविरुद्धच्या खटल्यात टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग आणि ड्रू ब्रीझ या तीन क्वार्टरबॅकांची नावे वादी म्हणून होती.

"हाव" हा शब्द कोणाला चिकटवला जातो, तेही पाहा. डग विल्यम्स हा काळा क्वार्टरबॅक १९७८ मध्ये टँपा बे संघात आला. त्याआधी हा संघ ओळीने २६ सामने हरला होता. विल्यम्सने पाच हंगामांत तीनदा त्यांना प्लेऑफमध्ये नेले. त्याचा पगार वर्षाला १ लाख २० हजार डॉलर होता, लीगमधल्या पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकांत सर्वात कमी. त्याने ६ लाख मागितले. मालक ४ लाखांच्या वर गेला नाही. विल्यम्स दुसऱ्या लीगमध्ये निघून गेला आणि पुढच्या हंगामात टँपाने १६ पैकी १४ सामने गमावले. जानेवारी १९८८ मध्ये हाच विल्यम्स वॉशिंग्टनकडून सुपर बोल जिंकला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

क्वार्टरबॅक ही "डोक्याची" जागा समजली जाई, म्हणून काळ्या मुलांना तिथून हटवून पळण्याच्या जागांवर पाठवले जाई. १९६८ मध्ये डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून चमकलेल्या मार्लिन ब्रिस्कोला पुढे रिसीव्हर व्हावे लागले. वॉरन मूनला १९७८ मध्ये कोणी ड्राफ्टमध्ये घेतले नाही, तो कॅनडात गेला आणि तिथे पाच अजिंक्यपदे जिंकून परतला. २०१८ मध्येसुद्धा लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावे, असा जाहीर सल्ला दिला गेला. त्याच जॅक्सनने २०२३ मध्ये एजंट न ठेवता वाटाघाट करून पाच वर्षांचा २६ कोटींचा करार मिळवला. आज महोम्स, हर्ट्स, जॅक्सन, प्रेस्कॉट हे मोठे करार घेणारे काळे क्वार्टरबॅक आहेत. ज्या जागेवर बसूच दिले जात नव्हते, त्या जागेचे पूर्ण दाम घेणे हा प्रतिनिधित्वाचा विजय आहे. पण निम्म्याहून अधिक खेळाडू काळे असलेल्या या लीगमध्ये ३२ पैकी एकाही संघाची मुख्य मालकी काळ्या माणसाकडे नाही. जागा मिळाली, भांडे अजून मिळालेले नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वात मजबूत मुद्दा घेऊ. काही जण म्हणतात, क्वार्टरबॅकच्या पगारालाच वेगळी मर्यादा घाला, वाचलेला पैसा बाकीच्या ५२ जणांना मिळेल. ऐकायला न्याय्य वाटते, आणि कागदावर तसे होईलही, कारण भांडे तेवढेच आहे. पण हा प्रयोग एकदा झाला आहे. २०१० मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड याला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ च्या करारात नव्या खेळाडूंच्या पगाराला लगाम घातला गेला आणि त्या वर्षीच्या पहिल्या निवडीला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळून २.२ कोटी मिळाले. सांगितले गेले होते की हा पैसा अनुभवी खेळाडूंकडे जाईल. पण संघांना कळले की स्वस्त पोरे मिळत असताना तिशीकडे झुकलेला मधल्या फळीचा माणूस कशाला ठेवायचा? मार बसला तो त्याच मधल्या फळीला.

स्वस्त पोरगा म्हणजे काय, ते ब्रॉक पर्डीकडे पाहून कळते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो सर्वात शेवटी, २६२ वा निवडला गेला. नियमाप्रमाणे तीन हंगाम संपेपर्यंत करार बदलता येत नाही. २०२३ च्या हंगामात ९ लाख डॉलरहून कमी पगारावर त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले. तेव्हा ते मालकाचे शहाणपण ठरले. मे २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचा २६.५ कोटींचा करार मिळाला, तेव्हा मात्र संघाच्या भवितव्याची काळजी सुरू झाली. पोरगा राबला तोवर कोणाला अन्याय दिसला नाही.

आणि मालकाचा निर्णय फसला तर? डेन्व्हरने रसेल विल्सनला २०२२ मध्ये मोठा करार दिला आणि २०२४ मध्ये सोडून दिले. त्यापोटी साडेआठ कोटी डॉलरचा बोजा दोन वर्षांच्या कॅपवर पडला. विल्सनला त्याचे पैसे मिळाले, ते योग्यच. पण निर्णय ज्यांनी घेतला त्यांचे काय गेले? संघात जागा कमी झाली ती इतर खेळाडूंसाठी, ज्यांना त्या निर्णयाबद्दल कोणी विचारलेही नव्हते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. खालच्या खेळाडूला जास्त मिळायला हवे, यात शंका नाही. पण ते प्रेस्कॉटच्या खिशातून काढायचे की ५२ टक्क्यांतून, हा खरा वाद आहे. किमान पगार वाढवा, करारांची हमी वाढवा, निवृत्तांच्या उपचारांचा खर्च वाढवा आणि त्यासाठी ४८ चा आकडा वर न्या. हे एकट्या क्वार्टरबॅकला जमणार नाही आणि त्याच्याशिवाय बाकीच्यांनाही जमणार नाही. २०२० चा करार १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मंजूर झाला, फक्त साठ मतांच्या फरकाने, आणि सुमारे पाचशे जणांनी मतच दिले नाही. या कराराने खालच्यांचा किमान पगार वाढला आणि सगळ्यांच्या गळ्यात सतरावा सामना पडला. मतदार दुभंगलेले होते. मालकांना मात्र हंगाम मोठा हवा होता.

हा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. तोवर दर वर्षी कोणीतरी क्वार्टरबॅक नवा विक्रमी करार करेल आणि ओरड पुन्हा होईल. तुमच्या कारखान्यात, कंपनीत, महाविद्यालयात किंवा संघटनेतही "त्याला एवढे कशाला" ही कुजबुज होत असेल. ती कानावर आली की शेजाऱ्याच्या ताटाकडे बघण्याआधी विचारा: पातेल्यात एकूण किती होते, आणि डाव कोणाच्या हातात आहे?